बूच उघडणावळ

उमाजी पायगुडे यांच्या घराण्यात तीन पिढ्यांनी तलवार धरली आणि चौथीनं बूच काढायचा पेच. पणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले, आजोबा रिसाल्यात होते, वडील पलटणीत हवालदार. उमाजीसुद्धा विसाव्या वर्षी भरतीला गेले. बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे गच्च मिटले. तीन वेळा नेम धरला, तिन्ही वेळा तेच. हात मात्र एकदाही हलला नाही. भरतीवरचे सुभेदार वडिलांना म्हणाले, "हवालदार, पोराचा हात पत्थर आहे आणि काळीज चिमणीचं. आबदारखान्यात टाका. तिथं गोळी कोणी चालवत नाही."

आबदारखाना म्हणजे संस्थानातलं पाण्याचं, सरबताचं आणि पाहुण्यांच्या बाटल्यांचं खातं. तिथं उमाजींनी सत्तावीस वर्षं बुचं काढली. बूच निघताना 'टप्' असा आवाज झाला तर जुने आबदार पाठीत बुक्की घालत. आवाज झाला की सरदार मान वळवतात, आणि सरदारांना मान वळवायला लावणं ही बेअदबी. निघालेलं बूच नाकाशी धरायचं. वास बरा असेल तर पेला भरायचा, बिघडलेला असेल तर मोठ्या आबदाराला डोळ्यानं खूण करायची. मग तो बाटली बदलून आणे आणि सरदारांना काही कळतही नसे. तोंडानं दोन गोष्टी करायच्या नाहीत, एक चाखणं आणि दुसरी बोलणं. विचारलं तर "जी सरकार". नाही विचारलं तर भिंत.

ही भिंत संध्याकाळी ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या दोन खोल्यांत घरी येई. बायको दुर्गा म्हणे, "अहो, भाजीत मीठ आहे का नाही, एवढं तरी बोला. मी काही सरदार नाही."

उमाजी विचार करून म्हणत, "आहे."

"आहे म्हणजे जास्त आहे का बरोबर आहे?"

"जास्त."

"मग खाऊन का राहिले गुपचूप?"

समोर आलेल्या वस्तूला नाव ठेवायची त्यांच्या खात्यात पद्धतच नव्हती.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची बरीच लहानमोठी संस्थानं एकत्र करून मध्यभारत झाला. राजधानी कुठली यावर ग्वाल्हेर आणि इंदूर दोघंही हटेनात, म्हणून सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहू लागलं. ज्याचं दफ्तरात काम असे त्यानं आधी ऊन किती आहे ते बघावं आणि मग तिकीट काढावं, अशी रीत पडली.

आबदारखाना बंद झाला. पेले लिलावात गेले, चांदीची तबकं यादीत गेली आणि उमाजी एका नव्या खात्यात गेले. या खात्याकडे तिघऱ्याच्या तलावावरची लाँच आली होती. पूर्वी पाहुण्यांना जलविहार घडवायला ती असे. आता कोणीही भाडं भरून तिच्यात बसावं, असं ठरलं. कोणीही म्हणजे तेच जुने सरदार, कारण बाकीच्यांना तलावात तासभर गोल फिरून परत तिथंच यायला पैसे का द्यायचे हे कळत नव्हतं.

खात्याचे अधिकारी रमाकांत मोघे इंदूरहून आले होते. त्यांचं प्रत्येक वाक्य "हे बघा, तसं पाहिलं तर" इथून निघून "नियमात बसतं का" इथं पोचे. मध्ये काहीही असलं तरी ही दोन स्टेशनं चुकत नसत. त्यांनी उमाजींना बोलावलं. समोरच्या बशीतली बडीशेप उचलत म्हणाले, "हे बघा पायगुडे, तसं पाहिलं तर सरकार तो पदार्थ कोणाला पाजणार नाही."

दारू हा शब्द मोघे उच्चारत नसत. 'तो पदार्थ' म्हणताना त्यांचा डावा हात आपोआप टेबलाखाली जाई.

"पण बंदी घातली तर बोटीत कोण बसेल? म्हणून आम्ही असं ठरवलंय, की ज्याची त्यानं घरून आणावी. बाटली त्यांची. पण बोट आपली, पेला आपला, माणूस आपला. तर बूच उघडायचे दोन रुपये. बूच खात्याच्याच माणसानं उघडायचं. लेखाशीर्ष, बूच उघडणावळ. बसतं ना नियमात?"

"जी सरकार," उमाजी म्हणाले.

"सरकार नका म्हणू. सरकार बाहेर आहे. मी अधिकारी आहे. आता तुमची जागा. ती या शीर्षाखाली धरलीय. एकतीस मार्चपर्यंत शीर्षात काहीतरी जमा दिसलं पाहिजे. एक पावती असली तरी शीर्ष जिवंत. निरंक राहिलं तर शीर्ष बंद, जागा बंद, आणि तुम्ही जादा माणसांच्या यादीत. जादा माणसं सध्या झाबुआला कागदाच्या गोदामात पाठवतायत."

हे उमाजींनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. दुर्गेनं पोळपाट बाजूला सारला.

"झाबुआ कुठंशी आलं?"

"इंदूरच्या पलीकडे."

"इंदूरच्या पलीकडे पण काही आहे?"

"गोदाम आहे."

दुर्गेनं हाताचं पीठ झटकलं. तिचं माहेर दोन गल्ल्या सोडून होतं, लेक पद्मा कंपूतल्याच इस्पितळात नर्सचं शिकत होती आणि सासू पलंगावर होती. "एकच पावती ना?" ती म्हणाली. "एक तर कोणीही देईल. सरदार लोक आहेत, दोन रुपयांचं काय त्यांना?"

नोव्हेंबरात पहिली फेरी झाली. सरदार जयसिंहराव ढमढेरे आले. साठी उलटलेले, मिशा पांढऱ्या, जहागीर गेलेली, पण जहागिरीचा आवाज राहिलेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची बाटली स्वतः आणली होती. ती कशी आणतात हे माहीत नसल्यामुळे टॉवेलात गुंडाळून टोपीच्या पेटीत घालून आणली होती आणि पेटी विजयाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मांडीवर दिली होती.

"उमाजी, तू अजून आहेस?"

"जी सरकार."

"बरं झालं. उघड."

उमाजींनी आवाज न करता बूच काढलं, पेला भरला, आणि मग पावती नेली. पावती सरदारांपुढे कशी नेतात हे कोणी शिकवलं नव्हतं. सरदारांपुढे काहीही न्यायचं तर तबकात न्यायचं, तबकात रेशमी रुमाल अंथरायचा आणि कमरेत वाकून उभं राहायचं, एवढंच त्यांना येत होतं. तसंच त्यांनी केलं.

जयसिंहरावांनी तबकाकडे पाहिलं. रुमालावर काहीतरी ठेवून कोणी वाकून उभं राहिलं, की त्याला नजर, म्हणजे नजराणा, म्हणतात, हे त्यांना चालता येण्याच्या आधीपासून माहीत होतं. दसऱ्याला त्यांच्या गावचे पाटील असेच रुमालावर रुपया ठेवून उभे राहत. मोठ्या मनाच्या माणसानं रुपयाला नुसतं बोट लावायचं आणि "माफ" म्हणून परत करायचा, ही रीत. त्यांनी पावतीला बोट लावलं.

"माफ," ते म्हणाले. मग विजयाबाईंकडे वळून, "नवं सरकार कागदाची नजर करतंय. गरीब आहे बिचारं. पण रीत सोडली नाही, हं."

उमाजी वाकले, तबक घेऊन मागे सरत सरत गेले आणि पावती पुस्तकात परत ठेवून तिच्यावर 'रद्द' लिहिलं.

ही गोष्ट ग्वाल्हेरच्या सगळ्या लश्कर भागात झाली. दुसरे सरदार आले, त्यांनीही बोट लावलं. कोणी डाव्या हाताचं लावलं, कोणी छातीला हात लावून लावलं, एका म्हाताऱ्या सरदारांनी तर पावती डोळ्यांना लावून परत केली आणि त्यांचे डोळे भरून आले. पैसे चुकवायचे म्हणून कोणी करत नव्हतं. उलट, आपण नव्या राज्याची नजर माफ केली याचं त्यांना घरी जाईपर्यंत बरं वाटे. मार्च संपत येईपर्यंत चौदा बुचं निघाली आणि चौदा पावत्या माफ झाल्या.

लाँच चालवणारा मधू हे सगळं चाकामागून बघे. तो म्हणायचा, "उमाजीकाका, एक बार बोलून टाका ना सीधं. सरकार, दोन रुपये. बस. इतना भी नहीं होता?"

"आपण कसं बोलायचं? त्यांनी विचारलं पाहिजे."

"ते काय विचारणार? त्यांना वाटतंय की त्यांनीच तुमच्यावर एहसान केलाय."

"तेच तर."

"क्या तेच तर? झाबुआला जाल आणि तिथं जाऊन कागदाला सलाम कराल."

दुर्गेनं वेगळा उपाय काढला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "तो रुमाल काढून टाका तबकातला. रुमाल नाही तर नजर नाही."

"उघड्या तबकात न्यायचं?" उमाजींचा घास हातातच राहिला.

"हो, उघड्या. सासूबाईंना मी पलंगासकट झाबुआला नेऊ का? मग तुमचा रुमाल पांघरते त्यांना गाडीत."

उमाजी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी उठून त्यांनी रुमाल धुतला, वाळवला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला.

एकतीस मार्चला शेवटची फेरी होती. दुसऱ्या दिवशी सरकार फायलींसकट इंदूरला निघणार होतं, म्हणून त्याआधी मोघेसाहेब तपासणीला स्वतः लाँचवर आले. त्यांना पोहता येत नव्हतं. खुर्चीचे दोन्ही हात धरून ते मधोमध बसले आणि रजिस्टर मांडीवर ठेवलं, म्हणजे बुडाले तर दोघं बरोबर बुडतील. जयसिंहराव आणि विजयाबाई समोर बसले. टोपीच्या पेटीतून या वेळी एक जुनी, खांद्यावर धूळ बसलेली पोर्ट वाइनची बाटली निघाली.

"वडिलांच्या वेळची," जयसिंहराव म्हणाले. "शेवटची. म्हटलं, मोघेसाहेब चाललेत, सीझन संपतोय, काढू आज."

मोघ्यांनी तलावाकडे पाहून घेतलं. "मी तो पदार्थ घेत नाही."

"तुम्हाला कोण देतंय? बघा नुसतं. हा उमाजी कसं उघडतो ते बघण्यासारखं असतं."

बूच जुनं होतं, पेच लावला तर भुगा होणार. उमाजींनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळलं, शंभर मोजले, पेच दोन वेढे कमीच घातला आणि बूच असं काढलं की मधूनं इंजिन बंद केलं असतं तरी कोणाला ऐकू आलं नसतं. बूच अख्खं आलं. विजयाबाई म्हणाल्या, "वा." उमाजींनी बूच नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा जसाच्या तसा राहिला. डोळे मात्र सवयीनं मोठ्या आबदाराला शोधायला मागे गेले. मागे फक्त पाणी होतं.

त्यांनी मलमलीतून पेला भरला, सरदारांपुढे ठेवला आणि पावती घेऊन आले. तबक उघडं होतं.

जयसिंहरावांनी उघड्या तबकाकडे पाहिलं, मग उमाजींकडे. त्यांचा चेहरा मऊ झाला. "रुमालसुद्धा परवडेना का रे आता?" ते हळूच म्हणाले. अंगरख्याच्या खिशातून त्यांनी स्वतःचा रेशमी रुमाल काढला, झटकला, तबकात अंथरला, पावती त्याच्यावर ठेवली आणि तिला बोट लावलं.

"माफ."

मोघ्यांनी मान पुढे काढली. "हे बघा, एक मिनिट. तसं पाहिलं तर हे काय झालं? दोन रुपये द्यायचे असतात, सरदारसाहेब. सरकारला."

"सरकारला?" जयसिंहरावांनी मोघ्यांकडे नीट पाहिलं. मग त्यांना सगळं उमगल्यासारखं झालं. नव्या राज्याचा अधिकारी समोर बसला आहे आणि आपण सबंध सीझन त्याची नजर घेत राहिलो, आपण काही दिलीच नाही! ते ताडकन उठले. लाँच हलली, मोघ्यांनी खुर्ची घट्ट धरली. जयसिंहरावांनी रुमाल तळहातांवर पसरला, त्यावर दोन रुपये ठेवले, कमरेत वाकले आणि हात मोघ्यांपुढे धरले. त्यांच्यासारखा माणूस असा वाकला होता तो फक्त दरबारात.

मोघ्यांचे वडील होळकरांच्या दरबारी मानकरी होते. मोघे सहा वर्षांचे असताना वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी शेकडो नजरा पाहिल्या होत्या. त्यांचा उजवा हात खुर्ची सोडून वर आला, दोन्ही रुपयांना बोट लावून आला आणि तोंडातून शब्द गेला,

"माफ."

जयसिंहरावांनी मुजरा केला. रुपये खिशात घातले. सगळं कसं शोभेसं झालं. विजयाबाईंनी पदर सारखा केला. चाकामागे मधूनं कपाळावर हात मारला.

मोघ्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, आणि आपण आत्ता काय केलं याचा विचार मनात यायच्या आधीच हातानं लिहायला सुरुवात केली. उमाजी जवळच उभे होते. त्यांना वाचता येत होतं. 'बूच उघडणावळ, जमा,' आणि पुढे 'नि'. मग 'रं'.

"सरकार," उमाजी म्हणाले, "ते पैसे परत काढा."

जयसिंहरावांनी मान वळवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा उमाजींनी सरदारांना मान वळवायला लावली होती.

"काय म्हणालास?"

"पैसे काढा, सरकार. ती नजर नाही. बूच काढायचा दर आहे तो. चौदा वेळा माफ झाला. आज जमा झाला नाही तर माझी जागा जाते. मला झाबुआला कागदाच्या गोदामात पाठवणार. घरी म्हातारी पलंगावर आहे."

एवढं लांब बोलून उमाजींना धाप लागली.

जयसिंहरावांनी खिशातल्या रुपयांवर हात ठेवला. "म्हणजे चौदा वेळा मी..."

"आपण नऊ वेळा, सरकार. पाच वेळा दुसरे."

"आणि मी नवं सरकार गरीब आहे म्हणत होतो!" ते विजयाबाईंना म्हणाले.

"मला वाटलंच होतं," विजयाबाई म्हणाल्या. "रोज कसली नजर असते? नजर काय दर रविवारी करतात?"

"मग बोलायचं!"

"तुम्ही इतके खूष होऊन घरी यायचे, म्हटलं असू दे."

जयसिंहराव उमाजींकडे वळले. "आणि तू? तोंड नव्हतं तुला?"

"होतं, सरकार. आपल्यापुढे उघडायची चाल नव्हती."

सरदारांनी रुपये काढले. ठेवायला जागा शोधली. तबकात रुमाल होता, आणि रुमालावर ठेवले की पुन्हा तेच होणार हे आता लाँचवरच्या सगळ्यांना कळत होतं. "हात पुढे कर," ते म्हणाले.

सरदाराच्या हातून उघड्या हातात पैसे घेणं उमाजींनी कधी केलं नव्हतं, आणि नोकराच्या हातात पैसे मोजून देणं जयसिंहरावांनी. दोघांनीही दुसरीकडे बघत ते काम उरकलं. बंदूक धरताना न हललेला हात चांगलाच हलला. एक रुपया फळीवर पडला, गडगडत कठड्याकडे गेला, आणि मोघ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चालत्या बोटीत खुर्ची सोडून झेप घातली. रुपया बुटाखाली दाबून ते तसेच गुडघ्यावर बसले.

"जमा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. 'निरं' खोडून त्यांनी 'रुपये दोन' लिहिलं आणि खोडलेल्यावर सही केली.

"मागच्या नऊचेही घ्या," जयसिंहराव म्हणाले.

"हे बघा, तसं पाहिलं तर मागच्या तारखेची पावती फाडली तर झाबुआला मला जावं लागेल."

"मग ही पावती? हिचं काय करायचं असतं?"

"जपून ठेवायची."

"कशाला?"

मोघ्यांनी विचार केला. "तपासणी आली तर."

"माझ्या घरी?"

यावर कुठलाच नियम नव्हता, म्हणून मोघे बसले. जयसिंहरावांनी पावतीची घडी केली, रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि पेला उचलला. उमाजींनी घसा साफ केला. एकदा बोलल्यावर दुसऱ्यांदा बोलायला त्यांना निम्माच वेळ लागला.

"सरकार, आंबलीय ती. बुचालाच वास आहे."

"आंबलीय?" जयसिंहरावांनी पेला नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "हे तर लोणच्याचं पाणी झालंय! मग माझे दोन रुपये?"

मोघे एकदम ताठ बसले. इतक्या दिवसांत त्यांना पूर्ण खात्रीनं देता येईल असं उत्तर पहिल्यांदाच सापडलं होतं. "ते बूच उघडायचे आहेत, सरदारसाहेब. आतल्या पदार्थाशी खात्याचा संबंध नाही."

जयसिंहरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, उमाजींकडे पाहिलं आणि पेला एका घोटात रिकामा केला. विजयाबाई ओरडल्या, "अहो!"

"पैसे देऊन उघडलीय," डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले. "टाकू कशी?"

मेमध्ये इंदूरहून पत्र आलं. शीर्ष चालू असल्याकारणाने जागा पुढील आदेशापर्यंत चालू ठेवण्यात येत आहे, असं त्यात होतं. दुर्गेनं ते पद्माकडून दोनदा वाचून घेतलं, आणि पुढील आदेश कधी येतो ते विचारलं. उमाजी म्हणाले, ते लिहिलेलं नाही. मग भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले. दुर्गेनं मिठाचं भांडं पुढे सरकवलं आणि त्यांच्याकडे बघत बसली.

नोव्हेंबरात सरकार ग्वाल्हेरला परत आलं आणि लाँच पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या रविवारी नवे पाहुणे आले, कोणीतरी मोठे वकील, टोपलीत दोन बाटल्या घेऊन. उमाजींनी पहिली बाटली उचलली, पेच हातात घेतला, आणि काहीही विचारायची वाट न बघता, मधूला चाकापाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "दोन रुपये, साहेब. आधी."